धाकट्या भावाचं यंत्र

नईम सरांबद्दल चार चांगले शब्द बोलणारा माणूस आमच्या डेटा सेंटरमध्ये मला अजून भेटलेला नाही, आणि तो मान मलाही नको. परवा नव्याने लागलेल्या एका मुलीने डबा खाताना विचारलं, "मॅडम, हे रोबो ज्यांनी आणले ते नईम सर होते कसे?" मी म्हटलं, "जेवून घे आधी." तिला वाटलं, मी टाळतेय. टाळत नव्हते. त्यांचा विषय निघाला की माझा घास घशात अडकतो, आणि माझ्या जिभेला हाड नसल्यामुळे समोरच्याचंही जेवण जातं. पण निघाला तो विषय काही डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

भिवंडीहून पडघ्याकडे निघालं की हायवेच्या आत, गोडाउनांच्या रांगा संपल्यावर आमची इमारत लागते. बाहेरून बघाल तर तेही एक मोठं गोडाउनच वाटेल. आत मोठमोठे हॉल, हॉलमध्ये लोखंडी कपाटांच्या रांगा, कपाटांत सर्व्हर आणि त्यांच्या डिस्क. तुम्ही मोबाईलवर लेकरांचे फोटो साठवता ना, ते शेवटी अशाच कुठल्यातरी डिस्कवर जाऊन बसतात. डिस्क बिघडतात, रोज बिघडतात. बिघडलेली काढायची, नवी बसवायची, केबली सोडवायच्या, परत लावायच्या, हे आमच्या पोरांचं काम. मी त्यांच्या पाळीची इनचार्ज. नईम सर आले ते हे सगळं काम रोबोकडून करून घ्यायला. हॉलमध्ये माणूस नको, हा त्यांचा एकच ध्यास होता.

माणूस भिवंडीचाच. निजामपुऱ्यातलं जुनं कोकणी मुसलमान घर, वडिलांचे लूम, म्हणजे यंत्रमाग. अंगाने किडकिडीत, शर्टाचं वरचं बटण मे महिन्यातही लावलेलं. चहाच्या जागी गरम पाणी प्यायचे, आणि तेही असं की बघणाऱ्याला आपल्या चहाची लाज वाटावी.

त्यांची एक सवय होती. तुम्ही काहीही सांगा, ते नीट ऐकून घेत आणि म्हणत, "मग?" आवाजात राग नाही, चेष्टा नाही. नुसतं "मग?" म्हणून तुमच्याकडे बघत उभे. सर, पोराला ताप आहे. मग? सर, वंजारपट्टी नाक्यावर गाड्या हलतच नव्हत्या. मग? माणूस आपलंच कारण मनात पुन्हा उगाळतो आणि त्यालाच ते फुसकं वाटायला लागतं. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा मी सरांना फोन केला. "सर, सासूबाई वारल्या." पलीकडून, "मग?" मी म्हटलं, "मग काय सर, नेणार आता." रजा त्यांनी पूर्ण दिली, एक दिवस कापला नाही, हे सांगायलाच हवं. तेरावं करून कामावर आले तर म्हणाले, "सविता, तुमच्या रजेत तुमच्या पाळीचं अर्धं काम रोबोने केलं. काही अडलं नाही." मी बघतच राहिले. "टोमणा नाही," ते म्हणाले, "माहिती असावी म्हणून सांगितलं." आणि खरंच तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी तिथल्या तिथे फेडला असता.

दसऱ्याची गोष्ट तर अजून कोणी विसरलेलं नाही. आमच्याकडे दसऱ्याला यंत्रांची पूजा होते, यूपीएसपासून जनरेटरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं. त्या वर्षी पहिला रोबो नुकताच आला होता. खाली चाकं, वर एक उंच खांब, खांबाला एक हात. पोरांनी हौसेने त्याला झेंडूचा हार घातला. संतोष नावाचा अंबाडीचा पोरगा होता, त्याने तर नारळही आणला होता. सर आले. आम्हाला वाटलं, ओरडणार. ओरडले नाहीत. रोबोच्या गळ्यातला हार अलगद काढला, फूल तुटू दिलं नाही, आणि तो संतोषच्या गळ्यात घातला. म्हणाले, "हार जाणाऱ्या माणसाला घालतात. हे यंत्र कुठे चाललंय?" दोघंतिघं हसले. संतोषही हसला बिचारा, हार घालून त्याने फोटोसुद्धा काढून घेतला. दिवाळीच्या आत त्याचं काम गेलं. गेटवरचा केशव नंतर मला म्हणाला, "म्याडम, त्या सायबानं थट्टा न्हाय केली. आधी सांगून ठेवलं."

पण एक कबूल करते, कामात तो माणूस वाघ होता. एकदा दिल्लीहून कंपनीचे मोठे साहेब रोबो बघायला आले. नेमका त्या दिवशी रोबो एका कपाटापुढे अडला. हात पुढे जाई, मागे येई, पुढे जाई, मागे येई. डिस्क काही निघेना. साहेब म्हणाले, "एक मुलगा आत पाठवा, जरा हात लावू दे." सर म्हणाले, "नाही." सरांचा नियमच होता, रोबोची पाळी चालू असताना हॉलच्या काचेच्या भिंतीआत कोणी जायचं नाही. मदत या शब्दाला ते ‘दया’ म्हणत. "यंत्रावर दया केलीत की ते शिकत नाही. आणि ज्याला दया आवरत नाही त्याला मी घरी पाठवतो." मग काचेपाशी उभ्या उभ्या, एका हातावर लॅपटॉप धरून ते रोबोच्या चुका सुधारत राहिले. साहेबांचं जेवण निवलं. ऊन कलल्यावर रोबोने डिस्क काढली, नवी बसवली, आणि आम्ही सगळ्यांनी नकळत टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आपल्या भिवंडीचा माणूस असं काही करतोय म्हणून छाती फुगली होती माझी, खोटं कशाला बोलू.

आता अस्लमभाईंचं सांगते, कारण त्यांच्याशिवाय सर कळायचे नाहीत.

अस्लमभाई माझ्या पाळीतले टेक्निशियन, कंत्राटावरचे. पन्नाशी उलटलेले, दाढी पांढरी, कानाने कमी ऐकू यायचं. लूमच्या खडखडाटात आयुष्य गेल्यावर कान कुठे राहतात? त्यामुळे स्वतःही मोठ्याने बोलत. हे सरांचे सख्खे मोठे भाऊ. वडिलांना लकवा झाला तेव्हा अस्लमभाईंनी शाळा सोडून लूम सांभाळले आणि धाकट्याला इंजिनियर केलं. पुढे धंदा बसला, लूम भंगारात गेले, आणि ते आमच्याकडे लागले. सर आले ते त्यांच्या नंतर. "माझा छोटा येतोय, आता बघा," असं त्यांनी अख्ख्या कॅन्टीनला सांगून ठेवलं होतं. पहिल्या दिवशी गेटपाशी हात पसरून पुढे झाले. सरांनी त्या हातांतून सरळ वाट काढली आणि म्हणाले, "अस्लम, इथे तुम्ही टेक्निशियन आहात." सख्ख्या मोठ्या भावाला, ज्याच्या पाठीवर बसून हा शाळेत गेला, त्याला नुसतं अस्लम, आणि वर ‘तुम्ही’. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण अस्लमभाई दिवसभर ज्याला त्याला सांगत होते, "बरोबर आहे त्याचं. कामावर नातं आणलं तर काम बिघडतं."

त्यांची मुलगी फार्मसीला होती, शेवटची दोन वर्षं राहिली होती. "ती बाहेर पडेपर्यंत ही नोकरी टिकली पाहिजे, ताई," ते मला म्हणायचे. "या वयात, या कानांनी, दुसरीकडे कोण घेणार मला?" दुसरं काही मागणं नव्हतं त्यांचं. तेवढी दोन वर्षं.

आणि ती वर्षं मिळतील असं वाटत होतं. कारण रोबो केबलींपुढे हरत होता. कपाटाच्या मागच्या बाजूला केबली लोंबतात, एकमेकींत गुंततात. माणूस एका हाताने त्या बाजूला सारतो आणि दुसऱ्याने काम करतो. रोबो लोंबती केबल दिसली की जागीच थांबायचा. नव्या खांबाला दोन हात लावले, तरी थांबायचा. सरांनी महिनोन् महिने डोकं फोडलं. वरून फोन यायचे. एकदा मी त्यांना केबिनमध्ये डोळे मिटून, भिंतीला डोकं टेकून उभं बघितलं. जोवर रोबो केबलींशी अडतोय तोवर आपली पोरं आहेत, हे आम्ही सगळे ओळखून होतो. कोणी बोलत नव्हतं एवढंच.

आणि एका आठवड्यात चित्रच बदललं. आमच्या पाळीनंतर रोबोची पाळी सुरू झाली की तो भराभर काम उरकायला लागला. थांबणं जवळजवळ बंद. वरचे खूश झाले. पोरं दुसरीकडे कुठे जागा आहे का विचारायला लागली.

मला कळलं ते असं. पाळी संपताना मी हॉलमध्ये फेरी मारत होते. सगळे हात धुवायला गेलेले. अस्लमभाई एकटेच एका कपाटामागे उकिडवे बसले होते आणि बोटांनी केबली विंचरत होते. पोरीचे केस विंचरावेत तशा. एकेक बाजूला घेऊन, सरळ करून, पट्टीत अडकवून, जिथे रोबोचा हात जाणार तिथली वाट मोकळी करत होते.

मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, "भाई, हे काय चाललंय?"

"पुढची पाळी त्याची आहे ना," ते म्हणाले.

"कोणाची? रोबोची?"

"हां. ताई, लूमवर आमची रीत होती. पाळी सोडताना पुढच्याला चालता लूम द्यायचा. धागा तुटला असेल तर जोडून, कांडी भरून जायचं. बंद लूम देऊन जाणाऱ्याला कारखान्यात कोणी भाव देत नाही."

"भाई, तो माणूस आहे का? अहो, तो अडतोय म्हणून तर आपण इथे आहोत. अडू दे की त्याला."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही घाण बोलले. "माझ्या भावाचं यंत्र आहे ते," ते म्हणाले. "चार लोकांत त्याचं नाक कापलं जातंय आणि मी बघत बसू? त्याला सांगू नकोस हां. त्याला दया आवडत नाही."

मी कोणाला सांगितलं नाही. पण हॉलमध्ये कॅमेरे आहेत, आणि सर काही मूर्ख नव्हते. यंत्र आपोआप सुधारत नाही हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत? दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी अस्लमभाईंना बोलावलं, मलाही. मी मनाची तयारी केली होती. यंत्रावर दया केली होती, आता घरी पाठवणार. सरांनी पडद्यावर चित्र लावलं. अस्लमभाई केबली विंचरताना. अस्लमभाईंनी मान खाली घातली.

"हे परत करून दाखवाल?" सर म्हणाले. "सावकाश. तुम्ही आधी कोणती केबल धरता, का धरता, सगळं."

अस्लमभाईंना आधी ऐकू आलं नाही असं वाटलं. मग त्यांचा चेहरा असा फुलला की मला बघवेना.

पुढचे काही महिने त्या माणसाच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते, हे मी शपथेवर सांगेन. रोज इस्त्रीचा शर्ट. छातीवर कॅमेरा, हातात तारा लावलेले मोजे, आणि शेजारी सख्खा भाऊ. सर विचारत, "इथे बोट का वाकवलं?" अस्लमभाई सांगत. "इथे थांबलात का?" अस्लमभाई विचार करून सांगत. बरोबर सांगता आलं नाही तर घरी जाऊन विचार करून दुसऱ्या दिवशी सांगत. भाऊ भावाशी एवढं बोलला नव्हता कित्येक वर्षांत. एकदा तर अम्मीने केलेली बोंबलांची चटणी आणि तांदळाची भाकरी सरांनी त्यांच्या डब्यातून खाल्ली, उभ्या उभ्या, दोन घास. अस्लमभाई कॅन्टीनमध्ये आले आणि मोठ्याने म्हणाले, "खाल्ली त्याने. अम्मीच्या हातची आहे हे त्याला लगेच कळलं." सगळ्यांना दिसत होतं काय चाललंय ते, फक्त त्यांना दिसत नव्हतं. की दिसत होतं? मी एकदा न राहवून म्हटलं, "भाई, मुलीची दोन वर्षं आठवतात ना?" ते म्हणाले, "माझाच भाऊ आहे गं. तो मला कसा काढेल?"

चाचणीच्या दिवशी आम्ही सगळे काचेबाहेर उभे होतो. रोबोने डावा हात पुढे केला आणि केबली विंचरायला लागला. मी अंगावर काटा आलेला लपवत होते. तीच बोटांची चाल, तसंच मध्येच जरा थांबणं, तशीच पट्टीत अडकवायची पद्धत. मग उजव्या हाताने डिस्क काढली. अख्ख्या हॉलचं काम त्याने माणसाविना पार पाडलं. सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "या पद्धतीचं श्रेय अस्लम यांचं आहे. त्यांचं नाव मी अहवालात घातलंय." टाळ्या पडल्या. अस्लमभाईंनी शेजारच्याला विचारलं, "काय म्हणाला?" त्याने कानात सांगितलं. त्यांनी डोळे पुसले.

त्याच संध्याकाळी कंत्राटदाराने त्यांना बोलावून गेटचा पास परत घेतला. बाकी पोरांना महिन्याची मुदत मिळाली. पहिले ते.

मी सरळ केबिनमध्ये घुसले. दार वाजवलं नाही. म्हटलं, "सर, ते तुमचे भाऊ आहेत."

"मग?"

"त्यांची मुलगी शिकतेय. दोन वर्षं मागत होते ते फक्त. तुमच्याकडे नाही मागितली, पण तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं."

"आणि ज्यांनी शिकवलं त्यांनाच पहिलं?"

सरांनी पाण्याचा कप खाली ठेवला. "सविता, ज्याचं काम यंत्रात सगळ्यात नीट उतरलं, त्याची गरज सगळ्यात आधी संपते. त्याने वाईट शिकवलं असतं तर तो आज इथे असता. आता भाऊ म्हणून त्याला ठेवू आणि दुसऱ्या कोणाला काढू? नाव सांगा, काढतो."

त्यांनी माझ्यापुढे पेन सरकवलं. खरंच सरकवलं. मी कोणाचं नाव सांगणार होते? मी तशीच बाहेर आले आणि जिन्यात बसून रडले. रागाने रडले. सरांचा राग आला, पण त्याहून जास्त अस्लमभाईंचा आला. इतकं चांगलं असतं का माणसाने? गेटवर त्यांना गाठलं तर ते केशवला विचारत होते, "नंतर मशीन कुठे मध्येच थांबलं नाही ना?"

त्यानंतर ते दिसले नाहीत. फोन केला तर मुलगी उचलायची, म्हणायची, अब्बा ठीक आहेत, पडघ्याला काहीतरी काम मिळालंय. सरांशी मी कामापुरतं बोलत होते. हॉल झाला होता, आता त्यांना डिस्क कपाटापर्यंत येण्याआधीची वाटही माणसाविना हवी होती. म्हणजे आमच्या सुट्या भागांचं गोडाउन. ते दुसऱ्या कंत्राटदाराकडे, पडघ्याच्या पुढे, हायवेला लागून. तिथे माणसं खोकी उतरवतात, डिस्क काढून तपासतात, ट्रेमध्ये लावतात. पाहणीला आणि रोबोला शिकवण्यासाठी तिथल्या कामाचं शूटिंग घ्यायला सर निघाले आणि मला बरोबर घेतलं. पुढच्याच महिन्यात ते बढतीवर हैदराबादला गेले, त्यामुळे मी त्यांना नीट बघितलं म्हणावं ते त्या दिवशी शेवटचं.

गोडाउनात पत्र्याखाली उन्हाची भट्टी पेटलेली. फडताळांच्या रांगेच्या टोकाला निळ्या जाकिटातला एक म्हातारा पाठमोरा बसून खोकी उघडत होता. आमची चाहूल त्याला लागली नाही. तिथला मॅनेजर म्हणाला, "हा सगळ्यात सफाईदार. ह्याचंच शूटिंग घ्या." आणि त्याच्या खांद्याला हात लावला. तो वळला.

"अरे, छोट्या," अस्लमभाई म्हणाले, अख्ख्या गोडाउनाला ऐकू जाईल अशा आवाजात.

सरांना माहीत नव्हतं. हे मी खात्रीने सांगते, कारण मी त्यांच्या शेजारी होते आणि त्यांचा हात, मोबाईल धरलेला, हळूहळू खाली गेला. मला वाटलं, आता हा माणूस मागे फिरेल. मी देवाला म्हटलंसुद्धा, एवढं एक कर. मॅनेजर एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होता. बाहेर एक ट्रक मागे घेत होते, त्याचा भोंगा वाजत राहिला. तो थांबेपर्यंत सर तसेच उभे होते.

मग त्यांनी मोबाईल वर केला.

अस्लमभाईंना वाटलं, भाऊ फोटो काढतोय. घरी अम्मीला दाखवायला असेल. त्यांनी घाईघाईने टोपी सरळ केली, दाढीवरून हात फिरवला, जाकिटाची चेन वर ओढली आणि हसत तोंड पुढे केलं.

सर काहीतरी म्हणाले. अस्लमभाईंना ऐकू आलं नाही. "काय?" ते म्हणाले.

सरांनी पुन्हा सांगितलं नाही. मोबाईलवरची नजर न काढता मला म्हणाले, "सविता, तुम्ही सांगा त्यांना."

मी जवळ गेले, वाकले आणि त्यांच्या कानात सांगितलं, "भाई, तोंड नकोय त्यांना. हातांचं घ्यायचंय."

"हातांचं होय? बरं, बरं," ते म्हणाले. खोकं थोडं उजेडाकडे ओढलं आणि बाह्या वर करून कामाला लागले.